एसटी बंद, शेक चालू

२३ मार्च २०२० हा सोमवार होता. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू पाळून, थाळ्या वाजवून झाल्या होत्या. रेल्वेने प्रवासी गाड्या थांबवल्या होत्या, आणि त्यात मनमाडहून निघून नाशिककरांना मुंबईत नेऊन सोडणारी पंचवटी एक्स्प्रेसही आली. एसटी डेपोत जाऊन उभी राहिली. राज्य सरकारने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या. दोन दिवसांनी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली.

समजा, त्या सोमवारी नाशिकमध्ये घशाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाचा पहिला शेक होता. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे एकूण ३५. एकही चुकला नाही, तर शेवटचा शेक सातव्या आठवड्याच्या शुक्रवारी, म्हणजे ८ मे रोजी पडतो. टाळेबंदीचे चार टप्पे ३१ मे रोजी संपले. ते सगळे मिळून ६८ दिवस झाले. म्हणजे पहिले दोन शेक सोडले, तर या माणसाचा बाकी सबंध उपचार टाळेबंदीच्या पोटात सहज मावतो. देशाला घरात बसायला सांगितलेल्या त्या काळात त्याला मात्र तेहतीस वेळा घराबाहेर पडून तेहतीस वेळा परत यायचं होतं.

रेडिओथेरपीला रुग्ण शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतात, केसपेपरवर आरटी लिहिलेलं असतं. शेकल्याची ऊब वगैरे काही लागत नाही. टेबलावर झोपायचं, यंत्र घरघरतं, दहा-पंधरा मिनिटांत उठून घरी जायचं. मग एवढ्याशा कामासाठी रोज कशाला बोलावतात, आठवड्याचं एकदम देऊन टाकत का नाहीत? हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक कधी ना कधी विचारतो आणि तो अगदी रास्त आहे.

उत्तर पॅरिसमधल्या मेंढ्यांकडे आहे. १९२०च्या दशकात क्लोद रेगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्ष-किरणांनी मेंढ्यांची प्रजननशक्ती नष्ट करण्याचे प्रयोग केले. सगळी मात्रा एकदम दिली, तर कातडी भाजून निघायची आणि काम मात्र अर्धवट व्हायचं. तीच मात्रा अनेक दिवसांत वाटून दिली, तर काम पूर्ण व्हायचं आणि कातडी वाचायची. झपाट्याने विभागणाऱ्या पेशी कॅन्सरच्या पेशींसारख्या वागतात, असं धरलं तर उपचाराची दिशा सापडत होती. रेगोचे सहकारी आँरी कुतार यांनी घशाच्या कॅन्सरवर ती वापरून दाखवली. निरोगी पेशींना दोन शेकांच्या मधल्या वेळात आपली डागडुजी करता येते, गाठीतल्या पेशींना ती तितकीशी जमत नाही. रोजच्या हेलपाट्यांमागे हा फरक आहे.

पण या वाटणीला एक अट आहे. वाटलेले दिवस लांबता कामा नयेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर गाठीतल्या उरलेल्या पेशी आधीपेक्षा जास्त वेगाने वाढू लागतात. भर पावसात कांद्याची निंदणी अर्ध्यावर सोडली की उरलेलं तण मोकळ्या जागेत कसं फोफावतं, हे निफाडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला, की गाठ काबूत येण्याची शक्यता सुमारे १.४ टक्के घटते, असा अंदाज आहे. एक सबंध आठवडा बुडाला तर घट दहा टक्क्यांच्या आसपास जाते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचे आणि आतले शेक मिळून सगळं ५६ दिवसांत संपवायचं असतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सने अशा रुग्णांचा पहिला गट केला आहे आणि त्यांचा उपचार ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबू नये, असं म्हटलं आहे. महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर घरोघरी माहीत आहे, आणि खेड्यांतल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर अजून मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणजे ज्यांना थांबून चालत नाही, तेच रुग्ण आपल्याकडे जास्त.

आता दुसरी बाजू. साथीत रुग्णालयाकडे ज्या गोष्टींची टंचाई झाली, त्यांतली जवळजवळ कुठलीच रेडिओथेरपीला लागत नाही. खाट लागत नाही, व्हेंटिलेटर लागत नाही, रक्ताच्या पिशव्या लागत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत जागा असावी लागते. केमोने पांढऱ्या पेशी खाली येतात आणि त्यात कोविड झाला तर काय, ही धास्ती असते. रेडिओथेरपीचा बहुतेक रुग्ण चालत येतो आणि चालत जातो. शिवाय उपचाराच्या वेळी त्या खोलीत त्याच्याशिवाय कुणीच नसतं. भोवती मीटर-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती असतात आणि टेक्निशियन बाहेर बसून कॅमेऱ्यातून बघतात, माइकवरून बोलतात. सहा फुटांचं अंतर ठेवा असं जगाला मार्च २०२० मध्ये सांगावं लागलं. या विभागात ते किरणांच्या धाकाने आधीपासूनच पाळलं जात होतं.

तरी धोका होता, आणि तो यंत्र सुरू होण्याआधीच्या चार-पाच मिनिटांत होता. रुग्णाला टेबलावर नेमक्या जागी, मिलिमीटरच्या हिशेबात झोपवावं लागतं. दोन टेक्निशियन त्याच्यावर वाकून खुणा जुळवतात. तोंड-घशाच्या रुग्णाच्या चेहऱ्यावर जाळीदार प्लास्टिकचा साचा बसवतात. कोमट पाण्यापेक्षा बऱ्याच गरम पाण्यात मऊ करून त्याच्याच चेहऱ्यावर घडवलेला हा साचा इतका घट्ट असतो, की त्याखाली साधा मास्कसुद्धा बसत नाही. म्हणजे सगळं जग तोंड झाकून हिंडत असताना या रुग्णाला नेमकं तोंड उघडं टाकून झोपावं लागे आणि टेक्निशियनचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर असे. त्या खोलीला खिडकीही नसते. भिंतीत भोक म्हणजे किरणांना वाट, म्हणून हवा खेळवण्याची सगळी भिस्त वातानुकूलन यंत्रणेवर.

दाराशी आणखी एक गुंता होता. तपासणीचं पिस्तूल कपाळाला लावून झालं की प्रश्न विचारत: घसा दुखतो का, खोकला आहे का, तोंडाची चव गेली आहे का? घशाचे पंधरा शेक झालेला कुठलाही माणूस या तिन्हींना हो म्हणेल. शेकाने तोंड येतं, गिळताना आग होते, लाळ आटते, चव जाते. फुप्फुसावर शेक घेतलेल्यांच्या सीटी स्कॅनमध्ये दिसणारी पांढुरकी छाया कोविडच्या छायेसारखी दिसू शकते. कोविडची लक्षणं आणि उपचाराचे परिणाम असे एकमेकांत मिसळलेले. प्रत्येकाला घरी पाठवलं तर उपचार लांबतो, प्रत्येकाला आत घेतलं तर विभाग बंद पडायची भीती. आरटी-पीसीआरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागत होते, तेव्हा या पेचाला सोपं उत्तर नव्हतं.

विभाग बंद पडायची भीती अवास्तव नव्हती, कारण या कामाला बदली माणूस मिळत नाही. शेजारच्या वॉर्डातली सिस्टर आणून लिनॅक, म्हणजे शेक देणारं यंत्र, चालवता येत नाही. किरणोपचारतज्ज्ञ, मेडिकल फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर या सगळ्यांच्या पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवून दिलेल्या असतात आणि मध्यम आकाराच्या केंद्रात ही माणसं बोटांवर मोजण्याइतकीच असतात. एक जण पॉझिटिव्ह आला आणि त्याच्या संपर्कातले सगळे चौदा दिवस घरी बसले, तर चौदा दिवस यंत्र सुरू करायला कुणी नाही. म्हणून अनेक केंद्रांनी माणसांचे दोन गट केले. एक गट कामावर, दुसरा घरी, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. फिजिसिस्टचं नियोजनाचं काम संगणकावरचं, ते घरून होऊ शकतं. पण सकाळी पहिल्या रुग्णाआधी यंत्राची मात्रा मोजून बघायला कुणीतरी प्रत्यक्ष यावंच लागतं. रुग्णांना वेळा बांधून दिल्या, एकच नातेवाईक आत. उपचार अर्ध्यावर असताना कुणी पॉझिटिव्ह आला आणि थांबणं परवडणारं नसलं, तर त्याला दिवसाचा शेवटचा नंबर द्यायचा, पीपीई घालून शेक द्यायचा, मग खोली धुऊन-पुसून रात्रभर मोकळी सोडायची. लिहायला हे सोपं आहे. मे महिन्यात पीपीई घालून, घामाने डबडबलेल्या चष्म्यातून मिलिमीटर जुळवणाऱ्यांचं कौतुक फारसं झालं नाही.

यंत्रांचं आपलं वेगळं वेळापत्रक असतं. कोबाल्ट यंत्रातला किरणोत्सर्गी स्रोत लॉकडाऊन ओळखत नाही. तो रुग्ण असो-नसो झिजत राहतो आणि सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्म्यावर येते. गर्भाशयमुखाच्या आतल्या शेकासाठी, म्हणजे ब्रेकीथेरपीसाठी, बहुतेक ठिकाणी इरिडियम वापरतात. त्याची ताकद तर ७४ दिवसांतच अर्धी होते. आज दहा मिनिटांत दिला जाणारा शेक अडीच महिन्यांनी वीस मिनिटांचा होतो. म्हणून तीन-चार महिन्यांनी नवा स्रोत आणावा लागतो आणि तो बहुधा परदेशातून विमानाने येतो. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली, तेव्हा मालवाहतूकही आक्रसली. लिनॅकचा एखादा सुटा भाग बिघडला, तर भाग कुठून आणि बसवणारा इंजिनीअर कसा आणायचा, हाही प्रश्न होताच.

पण माझ्या मते हे सगळे पेच रुग्णालयाच्या आवारातले होते आणि आवारातले पेच माणसं सोडवत होती. खरी कमकुवत कडी आवाराबाहेर होती.

नाशिक जिल्हा मोठा आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ६१ लाख होती. नाशिक शहरात शालिमारला सरकारी विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, मुंबई नाक्याजवळ एचसीजी मानवता कॅन्सर सेंटर आहे, इतर खासगी रुग्णालयं आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिओथेरपी बसते, त्यामुळे गरीब माणसाला ती परवडते तरी. पण रुग्ण केवळ शहरातले नसतात. सुरगाणा, पेठ, कळवण, मालेगाव, नांदगाव, शिवाय धुळे-नंदुरबारकडचे आणि नगर जिल्ह्यातल्या अकोले-संगमनेरचेही. सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर, मालेगावहून शंभराच्या वर. दर दहा लाख लोकांमागे निदान एक यंत्र असावं असा दंडक मानला जातो. भारतात त्याच्या निम्म्याच्या आसपास आहेत आणि तीही शहरांत एकवटलेली. रोजचा शेक ही त्यामुळे आपल्याकडे रोजची एसटी असते. नाहीतर मग नाशिकला नातेवाइकांकडे किंवा पंचवटीतल्या धर्मशाळेत मुक्काम, आणि खानावळीचं जेवण.

टाळेबंदीने यातला प्रत्येक दुवा एकाच वेळी तोडला. एसटी बंद, काळी-पिवळी बंद, धर्मशाळा बंद, खानावळ बंद. नातेवाईक बाहेरच्याला, त्यातही आजाऱ्याला, घरात घ्यायला कचरत होते. सोसायट्यांचे नियम वेगळेच. २० मार्चपासून रेल्वेने बहुतेक सवलती स्थगित केल्या, पण रुग्णांच्या सवलती कायम ठेवल्या. कॅन्सरच्या रुग्णाला तिकिटात सूट होती, फक्त गाडी नव्हती. जिल्हा ओलांडायला ई-पास लागे. वैद्यकीय कारण हे त्यासाठीच्या मोजक्या मान्य कारणांपैकी एक होतं खरं. पण फोटो काढून, कागद जोडून ऑनलाइन अर्ज भरणं आणि वर खासगी गाडीचं भाडं देणं पेठच्या शेतमजुराला रोज-रोज कुठून जमणार? मार्चअखेरीस निफाड तालुक्यात जिल्ह्यातला पहिला कोविड रुग्ण आढळला, आणि एप्रिलमध्ये मालेगाव राज्यातल्या सर्वांत चिंताजनक शहरांपैकी एक झालं. त्यानंतर प्रतिबंधित क्षेत्रातून निघून नाशिकच्या रुग्णालयाच्या दारात पोहोचणं म्हणजे दोन वेगवेगळे संशय ओलांडणं होतं.

काही नाशिककरांचा उपचार मुंबईत टाटाला चालू होता. इतरांना वाटेल, उरलेले शेक नाशिकला घ्यावेत, किरण काय, सगळीकडे सारखेच. तसं होत नाही. एका यंत्रासाठी केलेली योजना दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी चालत नाही. नवा साचा, नवा सीटी, नवी आखणी करावी लागते आणि आधी किती मात्रा गेली आहे, याचा अचूक कागद हातात असावा लागतो. मधे आठ दिवस गेले असतील तर ते भरून काढण्याचं गणित फिजिसिस्टला मांडावं लागतं. शनिवारी-रविवारी शेक द्यायचे, किंवा एका दिवसात सहा तासांच्या अंतराने दोन द्यायचे, किंवा उरलेल्या शेकांची मात्रा थोडी वाढवायची. तिन्ही उपायांची किंमत असते. शनिवारसाठी माणसं हवीत, दोन शेकांसाठी रुग्णाने दिवसभर थांबायला हवं, आणि वाढीव मात्रेचा भार निरोगी पेशींवर पडतो.

टाटा स्मारक रुग्णालयाने सेवा चालू ठेवायचं ठरवलं. त्यामागची भूमिका सी. एस. प्रमेश आणि राजेंद्र बडवे यांनी एप्रिल २०२० मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडली. पुढे टाटाच्या समन्वयाखालच्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशातल्या ४१ केंद्रांचे मार्च ते मे २०२० आणि मार्च ते मे २०१९ हे आकडे ताडून पाहिले. २०२१ मध्ये ते ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त आले. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या, बाह्यरुग्ण केमो ३७ टक्क्यांनी. रेडिओथेरपी घटली २३ टक्क्यांनी. तिन्ही उपचारांत ती सर्वांत कमी कोलमडली.

हा आकडा वाचून पाठ थोपटून घ्यायचा मोह होतो. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: नव्या रुग्णांची नोंदणी १ लाख १२ हजारांवरून ५२ हजारांच्या आत आली, म्हणजे ५४ टक्के घट. जे टेबलापर्यंत आधीच पोहोचले होते त्यांना विभागांनी बहुतांशी सांभाळलं. जे अजून गावीच होते, ज्यांच्या तोंडातली जखम भरत नव्हती किंवा ज्यांचं अंगावर जाणं थांबत नव्हतं, ते आलेच नाहीत. शेकाची पाळी निदानानंतर, बऱ्याचदा शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी येते; म्हणून मार्च-मेची तूट तिथे उशिरा जाणवणार होती. २३ टक्क्यांचा आकडा काही अंशी म्हणूनच इतका बरा दिसतो, असं मला वाटतं. गावी राहिलेल्यांसाठी जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी थेट २० ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा सुरू झाली.

या काळात एक गोष्ट मात्र कायमची बदलली. २८ एप्रिल २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीचे निष्कर्ष आले. ९७ रुग्णालयं, ४,०९६ रुग्ण. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत दिले जाणारे १५ शेक एकाच आठवड्यात ५ शेकांत दिले, तरी पाच वर्षांनंतर कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. चाचणी कितीतरी आधी सुरू झालेली, साथीशी तिचा काही संबंध नाही, पण मुहूर्त असा लागला की जगभरच्या विभागांनी ती उचलून धरली. कमी फेऱ्या म्हणजे कमी संसर्ग, हे कारण तेव्हा पुढे होतं. कळवणच्या बाईच्या दृष्टीने कमी फेऱ्या म्हणजे दोन आठवड्यांची बुडणारी मजुरी आणि गाडीभाडं वाचणं, आणि हे कारण साथ ओसरल्यावरही शिल्लक राहतं. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी पाच दिवसांचा पर्याय आधीपासून होता, तोही जास्त वापरात आला. घसा आणि गर्भाशयमुख यांच्या बाबतीत मात्र अशी सरसकट काटछाट झाली नाही. तिथे गाठीला लागूनच अन्ननलिका, लाळग्रंथी, मूत्राशय, आतडी असतात, आणि मोठ्या मात्रेचा फटका त्यांना वर्षानुवर्षं भोगावा लागतो. म्हणून ३५चे ३५ राहिले.

दुसऱ्या लाटेत नाशिकचं चित्र पार वेगळं होतं. मार्च २०२१ अखेरीस देशातल्या सर्वाधिक सक्रिय रुग्णांच्या जिल्ह्यांत नाशिक होतं. गर्दी आवरायला शहरातल्या मुख्य बाजारपेठांत शिरण्यासाठी तासाला पाच रुपयांचं तिकीट लावलं गेलं. माणसांना वेळ बांधून देण्याची युक्ती रेडिओथेरपी विभागात वर्षभर आधी रुळली होती, फक्त तिथे पावती फाडत नव्हते. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची टाकी भरताना गळती झाली आणि पुरवठा खंडित होऊन किमान २२ रुग्ण दगावले. त्या आठवड्यांत शहरात खाट मिळवणं हेच एक काम झालं होतं. शेक घेणाऱ्याला खाट लागत नव्हती, पण तोंड येऊन गिळणं बंद झालं, नळी घालायची वेळ आली, तर त्यालाही दाखल व्हावं लागे. लसीकरणाने मात्र यावेळी हात दिला. आरोग्य कर्मचाऱ्यांना १६ जानेवारीपासून लस मिळत होती, आणि १ मार्चपासून पंचेचाळिशीपुढच्या सहव्याधी असलेल्यांच्या यादीत कॅन्सरचा उपचार चालू असलेल्यांचा समावेश होता. टेबलावर वाकणारे आणि टेबलावर झोपणारे, दोघांमध्येही थोडं तरी संरक्षण आलं.

आणि पहिल्या टाळेबंदीत गावी राहिलेले रुग्ण दरम्यान येऊ लागले होते. अशा वेळी गाठ एका आकारापुढे गेलेली असेल, हाडात किंवा फुप्फुसात पसरलेली असेल, तर ३५ शेकांचा प्रश्नच उरत नाही. हाडाच्या दुखण्यासाठी ८ ग्रे मात्रेचा एकच शेक देतात आणि बऱ्याच जणांना त्याने खरोखर आराम पडतो. गळ्यातली रक्त वाहणारी गाठ शांत करायला पाच-दहा शेक देतात. यासाठी ना सात आठवड्यांचा मुक्काम लागतो, ना फिजिसिस्टचं खाड्यांचं गणित, ना वेळापत्रकात लांबलचक जागा. अशा रुग्णाला एक-दोन दिवसांतच नंबर मिळतो.